माझी राखून ठेवलेली खुर्ची

निर्मलावहिनी साठे, त्यांच्या दोन्ही मुली, मंडळाचे सगळे लोक, आणि मागच्या रांगेत करड्या कोटात बसलेले जॉर्ज, ज्यांना माझं एक अक्षर कळणार नाही तरी जे दोन बस बदलून वॉटफर्डला आलेत. नमस्कार.

मी शैला गोडबोले. बहुतेक जण मला ओळखता. हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर होते, गणपतीत मोदकांचं बघते, आणि मला बोलायला सांगावं लागत नाही. आज मात्र सांगावं लागलं. वहिनींनी दोनदा सांगितलं, तेव्हा उभी राहिले. कागद आणलेला नाही.

आत्तापर्यंत या शोकसभेत चौघं बोलले. छान बोलले. साठे कौन्सिलमध्ये इंजिनियर होते, शिस्तीचे होते, कुणाला कधी टाकून बोलले नाहीत. सगळं खरं. आणि चौघांनीही सांगितलं की साठे दुपारी बाहेर फिरायला गेले असताना गेले.

मंडळी, साठे फिरायला गेले नव्हते. साठे कसिनोत गेले. ब्लॅकजॅकच्या टेबलावर, पत्ते खेळताना, मंगळवारी दुपारी. तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. पंधरा दिवस या गावात दुसरा विषय नाही. मग इथे का नाही कुणी बोलत? घाबरू नका, वहिनींना विचारूनच बोलतेय.

आणि मला कसं माहीत? तर मीही तिथे बसायचे. घ्या. झालं एकदाचं सांगून.

आमचे हे गेल्यावर घर खायला उठायचं. गौरी, माझी मुलगी, हॅरोला. ती तिच्या नोकरीत. मी बसपास घेऊन कुठेही उतरायची. एका दुपारी पाऊस होता, समोर दार होतं, आत गेले. आत गालिचा, गरम हवा, फुकट चहा, आणि टेबलावर आपले साठे! मला बघून दचकले नाहीत. उठून उभे राहिले, शेजारची खुर्ची मागे ओढली, आणि म्हणाले, "शैलाताई, आधी सगळ्यांना विचारा, बसू का म्हणून. मग बसा."

ती माझी पहिली शिकवणी.

साठ्यांनी मला खेळ शिकवला नाही हं. खेळ काय, पत्ते वाटणारा डीलरच शिकवतो. साठ्यांनी वागणं शिकवलं. टेबलाशी यायचं ते विचारून. दुसऱ्याच्या चिप्सना, पैशांच्या त्या चकत्यांना, बोट लावायचं नाही. न विचारता सल्ला द्यायचा नाही, मग समोरचा कितीही वेड्यासारखं खेळो. कुणाच्या खुर्चीमागे उभं राहायचं नाही. जिंकला त्याला एकदा शाबास म्हणायचं, हरला त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, नजर आपल्या पत्त्यांवर ठेवायची. पत्त्यांची ती पेटी असते ना, तिच्यातले पत्ते संपेपर्यंत मधेच उठायचं नाही, कारण एक जण उठला की सगळ्यांच्या पत्त्यांचा क्रम बदलतो. चहाला जायचंच असेल तर आपल्या जागेवर कपाखालचा कोस्टर ठेवायचा. कोस्टर दिसला की ती खुर्ची राखलेली, तिथे कुणी बसायचं नाही. आणि शेवटची रीत, सगळ्यात मोठी. टेबलावर जे बघितलं ते टेबलावर. घरी न्यायचं नाही.

मला हे सगळं फार आवडलं. खरंच सांगते. वॉर्डात आयुष्यभर लोकांच्या अंगावर ओरडले, लोक माझ्यावर ओरडले. इथे जॉर्जसारखा सायप्रसचा म्हातारा न्हावी मला खुर्ची ओढून देतो, मी हरले की मान वळवतो. असा मान मला कुठे मिळाला होता?

आणि याच हॉलमध्ये, संक्रांतीला, साठे मला तिळगूळ द्यायचे आणि जणू वर्षभरात भेटलोच नाही अशा थाटात विचारायचे, "काय शैलाताई, बऱ्या आहात ना?" मी आपली हसू दाबत म्हणायची, "बरी आहे." एवढा पक्का माणूस. एवढा माझा विश्वास.

आता ऐका त्यांनी काय केलं ते.

मी आठवड्यातून एकदा जायची, ते तीनदा झालं, मग रोजचं झालं. मंगळवारी नातीला, मीराला, शाळेतून आणायचं काम माझ्याकडे होतं. सात वर्षांची पोर. तीन वाजले. साठे घड्याळाकडे बघून हळूच म्हणाले, "शैलाताई, तीन वाजले." मी म्हटलं, पेटी संपू दे. मधे कसं उठू, रीत आहे ना तुमचीच. पेटी संपायला चार वाजायला आले. मीरा शाळेच्या ऑफिसात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. गौरीला मी सांगितलं, बस चुकली.

दोन दिवसांनी, गुरुवारी, मी टेबलावर. पाठीमागे कुणीतरी उभं राहिलं. मला वाटलं कोण हा रीतभात नसलेला मेला, वळून बघते तर गौरी. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात तो बिल्ला. डीलरचा हात हवेत. ती इथेच जन्मलेली पोर, तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "आई, घरी चल. माझा गाडी बाहेर उभा आहे." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी साठ्यांकडे बघितलं. साठे आपल्या पत्त्यांकडे बघत म्हणाले, "फोन मी केला."

बाई गं. तो क्षण मी अजून विसरले नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या माणसानं मला शिकवलं की टेबलावरचं घरी न्यायचं नाही, त्यानं माझं टेबल उचलून माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. आणि स्वतः? स्वतः उठले का? नाही! मला हाताला धरून बाहेर नेलं जात होतं आणि साठे पुढचा पत्ता मागत होते. मला उठवलं आणि स्वतः बसून राहिले. साठे, हा दगा होता. मी तेव्हा मनात म्हटलं, आज तोंडावर म्हणते. दगा.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्याशी बोलले नाही. इथे हॉलमध्ये समोर आले तर मी खुर्च्या मोजायला लागायची. संक्रांतीला त्यांनी तिळगूळ पुढे केला, मी म्हटलं शुगर आहे मला. मला शुगर नाही.

आणि आता माझं. तेही ऐका, नाहीतर मी त्यांच्याबद्दल बोलायला उभीच राहायला नको होते.

गेल्या गणपतीत वहिनी माझ्याबरोबर मोदक वळत होत्या. म्हणाल्या, "हे हल्ली मंगळवारी-गुरुवारी लायब्ररीत फार वेळ असतात." माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "लायब्ररी चांगली आहे हो आपली." का म्हटलं? रीत म्हणून? छे. मला सूड घ्यायचा होता. मला दाखवायचं होतं की बघा, मी तुमच्यासारखी नाही, मी चहाडी करत नाही, मी टेबलाचं टेबलावर ठेवते. साठ्यांपेक्षा मी सभ्य. घरी आले तेव्हा छाती दोन इंच फुगली होती माझी.

हे मी वहिनींना मागच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "शैला, लायब्ररी मंगळवारी बंद असते हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?" मग म्हणाल्या, "हे सभेत सांग. मला सांगवणार नाही."

म्हणजे वहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं, तुमच्यातल्या निदान चौघांना तरी माहीत होतं. नावं घेत नाही, पण माना खाली गेलेल्या दिसतायत मला.

आता त्या मंगळवारचं. हे जॉर्जनी मला सांगितलं, आज बाहेर, आत यायच्या आधी. साठे नेहमीसारखे आले. बसू का, विचारलं. अर्ध्या पेटीत त्यांनी मफलर सैल केला. कपाळावर घाम. डावा हात दंडाशी दाबत होते. जॉर्जनी बघितलं. त्यांना वाटलं हरतायत, म्हणून रीतीप्रमाणे नजर दुसरीकडे नेली. दुसऱ्या टोकाच्या बाईंनीही नेली. सगळे सभ्य लोक. आणि साठे? पेटी संपेपर्यंत उठले नाहीत! शेवटचा पत्ता पडला, डीलरला थँक यू म्हणाले, आणि मग खुर्चीवरून घसरले. तिथली माणसं धावली, अँब्युलन्स लगेच आली. उशीर त्यांनी नाही केला.

घाम आणि डावा हात. मंडळी, मी तीस वर्षं वॉर्डात काढली. तो चेहरा मला खोलीच्या पलीकडून ओळखू आला असता. पेटी गेली खड्ड्यात, मी त्यांना कॉलरला धरून उठवलं असतं.

मी जॉर्जना विचारलं, त्यांच्या शेजारी कोण होतं? माझ्या जागेवर कोण बसायचं?

ते म्हणाले, कुणी नाही. ती खुर्ची दीड वर्ष रिकामीच. दुपारी गर्दी नसते, त्यामुळे चालून जायचं. साठे आले की आधी शेजारच्या जागेवर कोस्टर ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "द लेडी इज अवे."

हे ऐकलं आणि मी बाहेर त्या कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून रडले. आणि मग मला पुन्हा संताप आला. साठे, मला घरी पाठवलंत. ठीक. माझी नात आज मला बिलगते ती त्यामुळे, हे मला कळतं. मी काही दगड नाही. पण मग स्वतः का बसलात? आणि बसलात तर ती खुर्ची का अडवलीत? कुणी परका, रीतभात नसलेला, उद्धट माणूस तिथे बसला असता, तर त्यानं तरी विचारलं असतं, काय हो, बरं वाटत नाही का? माझ्या मानापायी तुम्ही शेजार रिकामा ठेवलात. कुणी सांगितलं होतं? मी परत येणार नव्हते. तुम्हीच ती सोय केली होती.

माझ्यासाठी तुम्ही रीत मोडलीत. तुमच्यासाठी मी नाही मोडली. मला ती मोडायला तुम्ही शिकवलंच नाहीत. दीड वर्षाचा माझा राग तुमच्यावर होता, आता तो कुठे ठेवू ते मला कळत नाही, म्हणून थोडा तुमच्यावरच राहू दे.

जॉर्जनी येताना तो कोस्टर आणलाय. हा बघा, पुठ्ठ्याचा, कपाचा गोल डाग पडलेला. कसिनोतून उचलून आणला, ही चोरीच म्हणायची. आजपर्यंत त्यांनी टेबलावरची एक वस्तू बाहेर आणली नव्हती. हा मी वहिनींकडे देते.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. प्रथा आहे, पाळू. फक्त माझी एक विनंती आहे. मान खाली घालू नका, डोळे मिटू नका. शेजारी जे कोणी आहे, नवरा असो, अनोळखी असो, त्याच्या तोंडाकडे दोन मिनिटं बघा. संकोच वाटेल. वाटू दे. आणि काही दिसलं, तर शांतता मोडली तरी चालेल, विचारा.

मी जॉर्जच्या शेजारी जाऊन उभी राहते. त्यांचा रंग मला सकाळपासून बरा दिसत नाही.

साठे, नमस्कार. राग आहे. उठा सगळे.