मुगाएवढं यंत्र

तुमचा विश्वास बसणार नाही, पण कानाच्या यंत्रांच्या दुकानात रांगेतल्या एक आजीबाई आणि कंपनीचा साहेब यांचं हे बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

“आजी, आमचं नवं यंत्र बघा, मुगाएवढं! गाणी लावतं, पावलं मोजतं.”

“सून स्वयंपाकघरात काय पुटपुटते, ते ऐकू येईल?”

“तेवढं नाही, पण रंग सात आहेत.”

“आणि या थरथरत्या बोटांनी मुगावरचं बटण दाबू कसं? बनवण्याआधी कुणा म्हाताऱ्याला विचारलंत का रे बाबा?”

“विचारलं की! जुनी यंत्रं काढून ही घातली आणि विचारलं. एकानेही तक्रार केली नाही.”

“प्रश्न ऐकू आला होता का त्यांना?”

“ते विचारायचं राहिलं.”

एवढं सांगतोय तोच माझी नात म्हणाली, “आजोबा, तुमचं यंत्र तर तेव्हा दुरुस्तीला होतं. तेच घ्यायला आपण रांगेत होतो ना?”