हुबेहूब

भाऊ : …आणि डाव्या कोपऱ्यात तीच खिडकी, खाली तोच निळा पट्टा, कचऱ्याची टोपली जिथल्या तिथे. अगं, चित्रंसुद्धा एकेक करून त्याच मापाची केली. शपथेवर सांगतो ताई, कुणालाही दाखव, आतलं विंडोज काढून लिनक्स टाकलंय असं कुण्णी म्हणणार नाही.

ताई : कुणालाही.

भाऊ : कुणालाही! आईलाच विचार. काल आईने तासभर बघितलं.

आई : तासभर कसला, दूध तापेपर्यंत बघितलं. पण खरंच हो, मला काडीचा फरक कळला नाही.

ताई : टिल्लू, मला दिसायचं बंद होऊन किती वर्षं झाली?

भाऊ : हे काय मधेच?

ताई : साधा प्रश्न आहे.

भाऊ : अकरा. बारावं लागेल आता… अरे देवा.

आई : काय झालं?

भाऊ : अरे देवा, अरे देवा. ताई, मी दोन दिवस दुकान बंद ठेवून…

ताई : दोन दिवस दुकान बंद ठेवून तू आंधळ्या बहिणीसाठी रंगरंगोटी केलीस.

आई : असं बोलू नये गं. जीव ओतलाय त्याने.

ताई : ओतलाय ते कळतंय आई. कुठे ओतलाय, एवढंच म्हणतेय.

भाऊ : हसतेयस का चिडलीयेस?

ताई : अजून ठरलं नाही. मी मावशीकडे दोन दिवस गेले तर तू माझा कॉम्प्युटर उघडून सिस्टिमच बदलून टाकलीस. मला विचारलंस?

भाऊ : तुला चकित करायचं होतं.

ताई : ते केलंस.

भाऊ : पण ऐक ना. लॅबची मेल तूच मला ऐकवलीस की नाही? सोमवारपासून जुनी सिस्टिम असलेलं मशीन त्यांच्या नेटवर्कला जोडू देणार नाहीत. तुझं मशीन दहा वर्षांचं, त्यावर नवीन विंडोज चढत नाही. मग उपाय काय? लिनक्स. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. मशीन कसं पळतंय बघ. म्हणजे… ऐक.

ताई : ऐकलं. सुरू व्हायला आधी दीड मिनिट लागायचं, आता वीस सेकंद. छानच आहे. माझी शॉर्टफॉर्मची यादी?

भाऊ : कुठली?

ताई : टिल्लू.

भाऊ : अगं आहे, आहे! पेनड्राइव्हवर आहे. दोन अक्षरं मारली की अख्खं वाक्य येतं ती ना? तीनशे बारा वाक्यं. इतका वेडा नाही मी.

ताई : बरं. आता खुर्चीवर बस. मी उठते.

भाऊ : मी कशाला?

ताई : मॉनिटर बंद कर.

भाऊ : मग मला कसं…

ताई : तेच. हा मॉनिटर तुम्हा दोघांसाठी आहे, माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मी काम करते ते पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर. डॉक्टर एक्स-रे बघून बोलतो, ते मी एका कानाने ऐकते, टाइप करते, दुसऱ्या कानाने हा आवाज मला मी काय टाइप केलं ते सांगतो. दिवसाला चाळीस रिपोर्ट. आता मी तो आवाज घालवते. हं, गेला. तो परत आण. मॉनिटर न लावता.

भाऊ : सोपं आहे. ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस.

ताई : कर.

(भाऊ मॉनिटर बंद करतो. बराच वेळ नुसता कळांचा आवाज.)

आई : अरे, पडद्यावर काहीच नाही.

भाऊ : मीच बंद केलाय आई! थांब ना. ऑल्ट… एस… हे असं कसं? दुकानातल्या मशीनवर चालतं हे.

ताई : दुकानातल्या मशीनला तू रंग दिलेला नाहीस.

भाऊ : अं?

ताई : जुन्यासारखं दिसावं म्हणून तू कुठलं तरी पॅकेज टाकलंस ना? त्याने कळासुद्धा बदलल्या असणार.

भाऊ : …हो. शॉर्टकट त्याने स्वतःचे घातले असणार. आवाजाचा उडाला. मी तपासलंच नाही.

आई : मी तपासलं होतं.

ताई : तू बघून तपासलंस आई.

भाऊ : बरं, चूक माझी. लिनक्सची नाही. पाच मिनिटांत कळ परत बसवतो, आवाज तुझ्या वेगाला लावतो, आणि रंग काढून टाकतो सगळा.

ताई : रंग राहू दे. कळ बसव. पण मला जे विचारायचं होतं ते तू अजून ऐकलेलंच नाहीस. हिवाळ्यातला तो मंगळवार आठवतोय?

भाऊ : कुठला?

ताई : आवाज गेला होता तो. आई बाजारात, तुझा फोन बंद. साडेनऊ ते पाऊण वाजेपर्यंत मी या खुर्चीत बसून होते. मशीन चालू आहे हे पंख्यावरून कळत होतं, पण आत काय चाललंय ते नाही. एकोणीस रिपोर्ट अडकले होते. त्यातला एक कुणाचा तरी तातडीचा होता, लॅबमधून सारखे फोन. मी काय सांगणार, आई येईपर्यंत थांबा?

आई : मी आल्याआल्या पाहिलं हो. म्हटलं, मधोमध एक चौकोन आलाय.

ताई : चौकोनात काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाली इंग्रजी लिहिलंय.

आई : मग इंग्रजीच होतं की!

ताई : त्या दिवशी मी ठरवलं. सिस्टिम किती पळते, फुकट आहे की विकतची, ते सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच. आवाज गेला, आणि घरात कुणी नसलं, तर तो मी एकटी परत आणू शकते का?

भाऊ : कळ बसवली की आणशील ना. बघ, बसली. कर आता.

ताई : ऑल्ट, विंडोज, एस. हं. आला. हा जरा नाकात बोलतो.

भाऊ : आवाज बदलता येतो.

ताई : येईल. ठीक, हा पहिल्या परीक्षेत पास. आता दुसरा. तू दुकानात लिनक्स लिनक्स करत असतोस, पण तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर काय आहे?

भाऊ : माझ्यावर का घसरतेस?

ताई : काय आहे?

भाऊ : नवीन विंडोज. गिऱ्हाइकांची दुखणी कळायला हवीत म्हणून ठेवलंय.

आई : मग त्या तुझ्या बायकोकडे आहे ते सफरचंदाचं चित्रवालं?

भाऊ : त्याला ती मलासुद्धा हात लावू देत नाही आई. ते सोड.

ताई : तुझा दे. गाडीत असेल.

भाऊ : आहे. थांब, आणतो… हा घे. पण त्यात मी काहीच केलेलं नाही हं, तुझ्यासाठी काही लावलेलं नाही. थांब, चालू करून…

ताई : हात लावू नकोस. आई, तूही बोलू नकोस. चालू झाला? पंखा नाही याला?

भाऊ : आहे, पण मुका आहे.

ताई : हं. कंट्रोल, विंडोज, एंटर. …बोलला. ऐक, बोलला! पासवर्ड विचारतोय. काय ठेवलायस?

भाऊ : ते… राहू दे, मी टाकतो.

ताई : सांग ना.

भाऊ : टिल्लू एक दोन तीन.

आई : एवढा मोठा बाप्या झालास तरी!

ताई : आत गेले. आता आवाज घालवते. आणते. परत घालवते. परत आणते. माझी बोटं कुठेच अडली नाहीत टिल्लू. या कळा त्या मंगळवारनंतर शिकले, आता मला येतात.

भाऊ : लिनक्सच्याही येतील. पंधरा दिवसांत येतील. तुला काय अवघड आहे? टायपिंग दोन महिन्यांत शिकलीस तू, डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं… म्हणजे…

ताई : बोल, बोल. मला चालतं. येतील, मान्य आहे. पण पंधरा दिवस लॅब थांबणार नाही. आणि तेही सोड. समजा, पंधरा दिवस मिळाले. त्यानंतर एखाद्या मंगळवारी अडले, तर विचारू कुणाला?

भाऊ : मला! मी कशाला आहे?

ताई : तुला फोन केला की तू म्हणतोस, "वर उजवीकडे बारीक गोल आहे बघ, त्यावर टिचकी मार."

भाऊ : मी असं म्हणतो?

ताई : दर वेळी. मग आईला बोलावते, आई गोल शोधते.

आई : तीन गोल असतात हो तिथे.

ताई : लॅबच्या कामावरची माझी मैत्रीण आहे ना, तिलाही दिसत नाही. तिला फोन केला की ती सांगते, "तीनदा टॅब, एकदा खाली, एंटर." दोन मिनिटांत फोन बंद. आमच्या कामात आम्ही नऊजणी अशा आहोत. नऊच्या नऊजणींकडे विंडोज. रात्री-बेरात्री, सणावारी कुणी ना कुणी उचलते. तुझी सिस्टिम वाईट नाही रे. पण तिच्यात मी एकटी पडेन.

भाऊ : हे कुठल्याच तुलनेत लिहिलेलं नसतं. वेग बघतात, किंमत बघतात, सुरक्षा बघतात.

ताई : बघतात ना.

भाऊ : मग ठरलं? नवीन मशीन, विंडोज?

ताई : ठरलं. मशीन तू निवड, ते तुला कळतं. कळा जरा उंच असलेल्या घे, बोटाला फट लागली पाहिजे. सोमवारच्या आत.

आई : मग या जुन्याचं काय?

भाऊ : पुसून कुणाला तरी देऊ.

आई : कुणाला कशाला? मी घेते. इतकं हुबेहूब केलंयस, मला तर दिसतंय. मावशीचे फोटो बघता येतील ना यावर?

भाऊ : येतील.

आई : मग झालं तर. ते निळंच राहू दे हं.

भाऊ : राहू देतो. …ताई.

ताई : हं?

भाऊ : म्हणजे आता बिघडलं तर तू करणार, नाहीतर तुझ्या त्या आठजणी करणार.

ताई : हो.

भाऊ : चांगलंच आहे. चांगलंच आहे म्हणा. मी काय, मला दुकान आहेच. नाहीतरी इथे यायचं म्हणजे सुट्टीचा दिवस जातो.

आई : तोंड बघ कसं झालंय त्याचं.

ताई : बघायला नको, ऐकू येतंय. टिल्लू, गेल्या वर्षभरात मी तुला किती वेळा बोलावलं?

भाऊ : मोजतंय कोण. पंधराएक वेळा तरी.

ताई : त्यात खरं बिघडलेलं तीनदा.

भाऊ : काहीतरी काय! प्रिंटर तर चार वेळा बंद पडला होता.

ताई : प्रिंटरची वायर मीच काढत होते.

भाऊ : काय?

ताई : मागून. अर्धवट. म्हणजे पटकन सापडू नये.

भाऊ : अगं, एकदा मी दीड तास टेबलाखाली पडलो होतो! सगळा प्रिंटर उघडला होता मी!

ताई : माहीत आहे. तू खाली पडलास की गुणगुणतोस. लहानपणापासूनचं आहे ते, तुला कळतही नाही. मी चहा घेऊन ऐकत बसले होते.

आई : वायर काढताना मी बघितलं होतं.

भाऊ : आई! आणि तू बोलली नाहीस?

आई : कशाला बोलू? मलाही तू यायला हवाच होतास.

भाऊ : दोघींनी मिळून मला उल्लू बनवलं. ताई, अगं नुसतं "ये" म्हणायचं ना!

ताई : म्हटलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं म्हणत होते. तू म्हणायचास, "काही काम आहे का? नाहीतर पुढच्या आठवड्यात येतो." पुढचा आठवडा काही यायचा नाही. एकदा खरंच स्पीकर बिघडला, आणि तू अर्ध्या तासात दारात. तेव्हा मला तुझी कळ सापडली.

भाऊ : …मला वाटायचं, काम नसताना येऊन मी इथे करू काय. तुझ्यासमोर बसलं की मला सुचत नाही काही. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की बरं वाटतं. निदान काहीतरी दुरुस्त करतोय.

ताई : माझे डोळे दुरुस्त होणार नाहीत टिल्लू. ते मी केव्हाच सोडून दिलंय. तूही सोड.

भाऊ : हं.

आई : मी चहा टाकते. तुम्ही बोला.

भाऊ : मशीन मी आज संध्याकाळपर्यंत आणतो. तुझी यादी घालून, आवाज लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत मॉनिटर बंद ठेवून तपासतो.

ताई : तपासशील तू. पण घालते मी. तू शेजारी बस.

भाऊ : बरं. मग आजच सगळं होऊन जाईल. उद्या काही राहणार नाही.

ताई : नाही राहणार.

भाऊ : उद्या रविवार आहे.

ताई : हो.

भाऊ : आणि काही बिघडलेलंही नाही.

ताई : नाही. तरी ये.