मॅडम आल्या!

हसू नका वं, त्या दिवशी माह्या जिवात जीव नव्हता. अल्लीपूरच्या अंगणवाडीत मी कितीतरी वर्षं सेविका होती. पर्यवेक्षिका मॅडम तपासणीले येणार म्हटलं का मले आदल्या दिवसापासूनच घाम फुटे. मग परीक्षा दिली न् मीच पर्यवेक्षिका झाली.

पहिल्या तपासणीले हिंगणघाटजवळच्या एका गावात गेली. अंगणवाडीच्या दारात चप्पल काढली, तं आतून मदतनीस बाई जोरात ओरडली, "मॅडम आल्या!"

माह्या काळजात धस्स झालं. मी तशीच आत धावली. एका पोराचं नाक पदरानं पुसलं, दोघाईले ओढून रांगेत बसवलं, खिचडीच्या गंजावर झाकण ठेवलं न् हात जोडून भिंतीले टेकून उभी राह्यली.

बाजूले तिथली सेविका आधीच तशी उभी होती. मी दाराकडे पाहून राह्यली होती, न् ती माह्याकडे. दारातून कोणीच येईना.

शेवटी तिनंच हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी कोणाले भेऊन राह्यल्या?"

मी म्हटलं, "मॅडमले."