रविवारची नांदी

मुलुंडच्या कानाच्या दवाखान्यात श्वेताचा प्रांजल रडून रडून नुकता मांडीवर झोपला होता. शेजारी एक आजी कानातलं नवं यंत्र काढघाल करत होत्या. आजोबा त्यांच्याशी मोठ्यानेच बोलत होते, आणि बाळ उठेल म्हणून श्वेताचा जीव टांगणीला लागला होता.

"सुगंधा, रविवारी नांदी तुलाच म्हणायचीय. नाटकातली जुनी मंडळी सगळी येणार आहेत."

"जमणार नाही म्हणून कळवा. यातून तुमची पायपेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. माझा सूर मलाच कळत नाही."

"मी आहे ना साथीला."

"त्याचीच तर भीती. पूर्वी मी जरा उतरले की तुम्ही भर प्रयोगात पेटीवर खरा सूर दाबून धरायचात. आता म्हाताऱ्या बायकोची दया येईल."

"दया? उभ्या जन्मात 'छान गायलीस' तरी म्हटलंय का तुला?"

"एकदा म्हणालात. तेव्हा ताप होता तुम्हाला."

श्वेताने हसू दाबलं.

"आत्ता म्हण बघू. हळू म्हण, बाळ झोपलंय."

आजींनी डोळे मिटले आणि नांदीची पहिली ओळ गुणगुणली. आवाज थरथरत होता, तरी गोड होता. छान म्हणा हो आजोबा, श्वेता मनात म्हणाली, एवढं म्हणाच.

"कसा लागला? खरं सांगा."



"पंचमाला उतरलीस. चांगलीच उतरलीस."

आजींनी यंत्र कानात नीट बसवलं.

"मग कळवा त्यांना, येते म्हणून."