दहा हजार डोळे आणि माझे दोन

…आणि वर मलाच विचारते ती रोह्याची डॉक्टरीणबाई, “हात धुतलेस का?” मला! अहो, पेणच्या कारखान्यात बारा वर्षं गणपतींचे डोळे आखते मी. दहा हजार डोळे आखलेत, दहा हजार! आणि मला डोळ्यांचं सांगता?

तुम्हाला सांगते, सगळं त्या चष्म्यापायी. नंबर उणे सात. पत्र्याची शेड, घामाच्या धारा, चष्मा घसरतो तो थेट बाप्पाच्या मांडीवर! काढून ठेवावा तर नाक टेकवल्याशिवाय दिसत नाय, आणि टेकवलं की सोंडेला माझ्या नाकाचा ठसा! आमचे शेठ हैबतराव म्हणाले, “हौसा, तू आता पितांबरं रंगव गो. डोळे केरू आखील.” केरू! हात चांगला हाय त्याचा, पण लक्ष सगळं रस्त्यावर, त्यामुळे त्याचे गणपतीपण रस्त्याकडेच बघतात! मी आणि पितांबरं? मरेन, पण रंगवणार नाय! उठले आणि लेन्स घेऊन आले.

आता ज्या बोटांनी देवांना नजर दिली, त्यातलंच एक स्वतःच्या डोळ्याजवळ नेलं की… मिटला! परत नेलं, मिटला! तासभर! आमचे हे धाटावच्या केमिकल कंपनीतनं शिफ्ट करून आलेले, दारातनंच, “आमच्या प्लांटमध्ये लेन्स चालत नाय हां!” म्हटलं, मी काय तुमचा प्लांट रंगवते? सासूबाई म्हणतात, “गो, जिभेवर ओली कर, पटकन चिकटेल!” आणि डॉक्टरीणबाईंचं वेगळंच… साबणाने हात धू, कोरडे कर, नळाचं पाणी नको, थुंकी तर नकोच, आठ तासांनी काढ, घालून झोपू नको… मी आपली हं हं. दहा हजार डोळे आखलेत, मला सांगता?

पण दिसायला काय लागलं म्हणता! उंदराच्या मिशा मोजून घ्या! शेठनी खिडकीजवळचा पाट परत दिला. आणि एका दुपारी खुपायला लागलं, लेन्स काढली, पदराला बोट पुसलं, परत घातली. पदराला काय होतं? मुकुटाची चमकी! आई गं! डोळा पेटलाच! केरू ओरडला, “हौसाबायचे डोळे आले!” सगळी शेड पाठ करून बसली, आणि शेठ लांबून, “घरी जा गो, देवाला लागण होईल!” मातीच्या देवाला!

डॉक्टरीणबाईंनी चमकी काढली, म्हणाल्या, “नजर गेली असती.” तेव्हा मात्र रडले हां. नजर गेल्यावर काय करू मी? हेच एक येतं मला. आठ दिवस लेन्स बंद, तेवढे दिवस केरूचं राज्य! पण घरी बसेन व्हय? डोळा तपासून घेतला आणि नवव्या दिवशी पाटावर हजर, कमरेला साबणाची वडी! आठ तास झाले की उठायचं. शेठ म्हणतात, “अजून चाळीस राहिलेत!” राहू देत! डोळे माझे हायत!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेठनी घरच्यासाठी गणपती दिला, कापडाने झाकलेला. रोह्याजवळ आमच्या अष्टमी गावात घरी आले, आठ तास भरले, लेन्स डबीत. मग कापड काढलं, नाक टेकवून बघते तर… केरूचा! चष्मा राहिला पेणला. सासूबाई म्हणतात, “घाल परत, कोण बघतंय?” नाय म्हणजे नाय! सकाळी डोळे नीट आखू, दोन मिनिटांचं काम.

सकाळी मी मोरीत, साबण लावतेय, बोटं चोळतेय, कोरडी करतेय, बाहेर येते तर गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा उरकलेली! त्यांना अजून पाच घरं करायची होती. आता देवाच्या डोळ्याला ब्रश लावायचा नाय.

दहा हजार डोळे आखलेत मी… आणि माझ्याच घरी मोदक आम्ही करतो, आरती आम्ही करतो, आणि बाप्पा बघतोय दारातनं रस्त्यापलीकडे, इंदुबाईच्या ओटीवर! ती विचारते, “हौसा गो, तुझा गणपती आमच्याकडे का बघतो?”

काय सांगणार? म्हटलं, हात धूत होते!