आणखी काही मदत करू शकतो का?

हसू नका, पण माझी कस्टमर केअरची नोकरी सुटली ती आमच्या अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बंगळूरला राजाजीनगरात बालवाडी चालवते. एकदा म्हणाली, "दिवसभर लोकांची रड ऐकतोस, चिडत नाहीस. पण खोटं बोलावं लागलं की घरी येऊन जेवत नाहीस. माझ्याकडे ये. इथे नुसती रड आहे, खोटं नाही."

गेलो. राजीनामा देऊनच गेलो.

पहिल्याच दिवशी एक पोरगं गेटला लटकून ओरडतंय, "अम्मा बेकू!" आई पाहिजे. अक्काने चॉकलेट दिलं, ते त्याने तिलाच फेकून मारलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी इतका घाबरलो की कन्नडात कस्टमर केअरचं जुनंच तोंडातून निघालं. "सर, तुमची अडचण मी समजू शकतो. तक्रार नोंदवली आहे. आई एक वाजता येतील."

'सर' ऐकून पोरगं गप्प. "नक्की?"

"नक्की!" तक्रार कधी सुटणार हे आयुष्यात पहिल्यांदाच मला खरंच माहीत होतं. त्या आनंदात पुढचंही बोलून गेलो, "आणखी काही मदत करू शकतो का, सर?"

आजवर एवढं विचारलं की लोक फोन आपटायचे. ह्याने चड्डी घट्ट धरली आणि म्हणाला, "सू."

त्याला नेऊन आणलं, तर दाराशी अख्खा वर्ग रांगेत उभा. मी पहिल्या मुलीचा हात धरायला गेलो, तर तिने हात मागे घेतला.

"आधी मला मॅडम म्हणा."