निळ्या फाटकासमोर थांबलेले सातजण

नाव: कागदोपत्री वेगळे, सगळे ‘काचवाले’ म्हणतात. वय: ५३ वर्षे ४ महिने. धंदा: चष्मे दुरुस्त करणे व बनवणे. शिक्षण: नववी, पुढचे स्वतःचे स्वतः. पत्ता: पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखाली दुकान, वर घर.

समक्ष हजर राहून सांगतो की, पुढील वस्तू मी माझ्या हाताने केल्या आहेत. पळताना व सायकल चालवताना घालायचे काळे चष्मे, नग सात. त्यांचा लाकडी साचा, एक. नाकावर बसणारी रबरी गादी, जोड्या एकोणीस, पैकी बारा फुकट गेल्या. काचेच्या वरच्या कडेला दीड मिलिमीटरची भोके पाडायचा हातड्रिल, जुन्या शिवणयंत्राच्या चाकापासून. चष्म्याची पेटी, आतून मऊ कापड लावलेली. हवालदारांनी फक्त धंदा विचारला होता, पण अर्धवट सांगितले की माणूस अर्धवट दिसतो, म्हणून सगळे लिहून घ्यावे अशी विनंती केली.

माझ्या घरी मी आणि माझी मुलगी, वय २२, असे दोघे राहतो. मुलगी सायकल शर्यतीत उतरते. तिचा नंबर उणे साडेचार आहे. शर्यतीचे तयार चष्मे असतात वाकड्या काचेचे, त्यात एवढा नंबर मिळत नाही. गेल्या वर्षी ती साधा चष्मा घालून गेली. घाटात काचेवर वाफ धरली, तिने चष्मा काढून खिशात ठेवला, फाट्यावरचा बाण तिला दिसला नाही आणि ती एकटीच चुकीच्या रस्त्याला अकरा किलोमीटर गेली. हे तिने मला सांगितले नाही. जास्तीचे अकरा किलोमीटर सायकलच्या मीटरवरून मला कळले, बाकीचे मी जुळवले. दुसऱ्या दिवशी मी साचा करायला घेतला.

यंदाची शर्यत उद्या, रविवारी, सकाळी साडेसहाला आहे.

माझ्या चष्म्यात बाहेर वाकडी काळी काच आणि तिच्या आत नंबरची छोटी काच आहे. दोन काचांच्या मध्ये वाफ धरते, हा सगळा घोळ. वाफ चालताना धरत नाही, थांबल्यावर धरते. त्यामुळे तपासणीची पद्धत अशी: चष्मा घालून सहाशे मीटर जोरात पळायचे किंवा सायकल हाणायची, एकदम थांबायचे, तीस आकडे मोजायचे आणि समोरचे बारीक अक्षर वाचायचे. माझा स्वतःचा नंबर उणे चार आहे, म्हणून मला ते जमते. टाकीपासून जी गल्ली जाते तिच्यात बारीक अक्षराची पाटी एकाच ठिकाणी आहे, निळ्या फाटकावर. वर मोठ्या अक्षरात ‘कुत्र्यापासून सावध’, खाली बारीक अक्षरात ‘बेल एकदाच वाजवावी’. ती खालची ओळ स्वच्छ दिसली की चष्मा पास.

फिकट शर्टाचा उजेड खालून काचेत येतो, कोणत्या रंगाचा किती येतो हे कळावे म्हणून प्रत्येक चष्म्याला वेगळा शर्ट घालतो. टोपीही बदलतो. कपडे टाकीच्या आडोशाला बदलतो. फाटकापासून पुढे जाऊन नाल्याकडच्या वाटेने टाकीपाशी परत येतो, म्हणजे गल्लीतून उलटा कधीच येत नाही.

निळे फाटक ज्यांचे आहे ते निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी गुरुवारी व शुक्रवारी खिडकीतून जे पाहिले ते असे की, काळे चष्मे लावलेले सात वेगवेगळे इसम, चार पळत व तीन सायकलवर, एकामागून एक गल्लीत शिरले, प्रत्येकजण त्यांच्या फाटकासमोर थांबला, पाटीकडे टक लावून ओठ हलवत उभा राहिला आणि पुढे गेला. सातातला एकही परत आला नाही. गुरुजींनी तक्रारीसोबत सातही जणांची चित्रे काढून दिली. ती मला दाखवण्यात आली. चित्रे उत्तम आहेत. तीन नंबरच्या इसमाच्या गालावर व्रण आहे, तो मला नाही. पाच नंबरच्या इसमाखाली ‘हाच म्होरक्या’ लिहिले असून तो सर्वांत देखणा काढला आहे. मात्र चष्म्याची काडी कानाखालून गेलेली दाखवली आहे. ती कानावरून जाते. ही चूक मी तिथल्या तिथे दाखवून दिली.

आज सकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी मी चार नंबरचा चष्मा घालून फाटकासमोर सव्वीसपर्यंत मोजले असता हवालदारांनी मला धरले. मी चार आकडे थांबा म्हणालो. ते थांबले नाहीत. त्यामुळे चार नंबरची आजची नोंद अपुरी आहे. तो चष्मा, सोबतचे सहा चष्मे, सात शर्ट, वही व घड्याळ असा माल जप्त झाला. हवालदार “बाकीचे सहाजण कुठायत?” असे वारंवार विचारत होते. मी “मीच” म्हणालो. ते म्हणाले, “काका, सकाळी सकाळी डोकं खाऊ नका.”

चष्मे चोरीचे आहेत का, हे पाहण्यासाठी खेळसामानाच्या दुकानदारांना बोलावण्यात आले. त्यांनी पाच नंबर उजेडात धरला, काडी वाकवली आणि म्हणाले, “हे परदेशी काम आहे. इथं असलं कोणाच्या बापाला जमणार नाही.” मला इतका आनंद झाला की मी त्यांचे आभार मानले. मग फौजदार साहेब म्हणाले, “म्हणजे चोरीचेच,” तेव्हा लक्षात आले की आभार मानायची ही वेळ नव्हे.

दहा वाजता मुलगी सायकलवर आली. ती दारातूनच म्हणाली, “बाबा, तुम्ही सातजण झालात म्हणे? मग भाजी कोण आणणार?” नंतर तिने टेबलावरच्या पाच नंबरकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मी साहेबांना म्हणालो, ज्याने केले त्याला ते बदलताही येते, बघा. जबाब लिहिणाऱ्या हवालदारांचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरत होता, दोऱ्याने बांधलेला. मी तीन नंबर मागून घेतला, आतली नंबरची काच काढली, चहाच्या पातेल्यावर रबरी गादी वाफवली, हवालदारांचे नाक दोन बोटांनी मापले आणि गादी दाबून बसवली. वेळ सहा मिनिटे. मग म्हणालो, “पळा.”

हवालदार बुटांसकट आवारात अकरा फेऱ्या पळाले. चष्मा हलला नाही. बारावी फेरी मारायला त्यांना कोणी सांगितले नव्हते, तीही मारली. त्यानंतर एका महिला शिपाईताईंनी आतली काच काढलेला सहा नंबर लावून माझ्या मुलीची सायकल घेतली व गाड्यांच्या मधून आठाचा आकडा काढत “हात सोडू का?” असे ओरडल्या. ओळख पटवायला ठाण्यात बोलावलेले गुरुजी पायरीवर बसून घड्याळाने वेळ मोजत होते. त्यांनी प्रत्येक फेरीचा वेळ माझ्याच वहीत, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात लिहिला. आवाज ऐकून फौजदार साहेब बाहेर आले आणि “हे पोलीस ठाणं आहे की जत्रा?” असे म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारले, “माझं नाक जरा बसकं आहे. जमेल?” जमले.

गुरुजींनी सात वेगवेगळे शर्ट मला एकामागून एक घालायला लावले आणि खिडकीतून बघावे तसे डोळे बारीक करून पाहिले. सातव्याला ते म्हणाले, “अरे देवा, हाच तो. सगळे हाच.” तक्रार मागे घेतो, पण चित्रे ठेवून घेतो, असे ते म्हणाले. जाताना विचारले, “खालची ओळ किती लांबून वाचता आली?” मी म्हणालो, पाच नंबरने चौदा पावलांवरून. ती पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

सर्व चष्मे मला सही घेऊन परत मिळाले. पाच नंबर मुलीने तिथेच डोळ्यांवर चढवला, ठाण्याच्या फाटकापर्यंत जोरात जाऊन एकदम थांबली आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजून पलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचली, फोन नंबरासकट.

वरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, दोन ठिकाणी आकडे दुरुस्त करून घेतले. आता तो मी बोललो तसाच आहे. फक्त एक गोष्ट राहिली, ती सहीच्या वर घालावी. मुलगी बाहेर चाकातली हवा बघत असताना खेळसामानाच्या दुकानदारांनी मला बाकावर बसवून सांगितले की, साचा, वही आणि पाच नंबर असे आजच्या आज दुपारच्या गाडीने चष्म्याच्या कंपनीला नमुना म्हणून पाठवायचे, उद्या चालणार नाही, पैसे आत्ता रोख. मी म्हणालो, उद्या तो चष्मा कामात आहे. ते म्हणाले, “काचवाले, एक शर्यत हो!” मी नको म्हणालो. हे मुलीला माहीत नाही, कोणी सांगू नये. रक्कम अक्षरी लिहावी: तीन लाख चाळीस हजार.